‘पाचच मिनिटं’ लांबतात, त्याचं कारण

झोपण्यापूर्वी ‘पाचच मिनिटं’ म्हणून मोबाइल हातात घेतला जातो आणि पाहता पाहता तास उलटतो. दोष फक्त मनाच्या चंचलतेचा नाही. पडद्यावरच्या यादीच्या रचनेचाही आहे.

अ‍ॅपमध्ये बातम्यांची, व्हिडिओंची शेकडो कार्डे एकाखाली एक असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात फोन सहसा पडद्यावर मावतील त्याहून थोडीच जास्त कार्डे तयार ठेवतो. वर सरकून दिसेनासे झालेले कार्ड नवा मजकूर भरून खालून परत येते, रहाटगाडग्याच्या पोहऱ्यासारखे. त्यामुळे मेमरी वाचते आणि यादी अडखळत नाही.

पूर्वी पान संपले की ‘पुढील पान’ निवडावे लागे. २००६ मध्ये अमेरिकी डिझायनर अझा रास्किन यांनी न संपणारे स्क्रोल तयार केले. हेतू वापरणाऱ्याचे श्रम वाचवण्याचा होता. पुढे मात्र त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ‘आता पुरे’ असे वाटण्याची जागाच त्यामुळे नाहीशी झाली.

याची किंमत झोप आणि डोळे मोजतात. एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा मिटणाऱ्या पापण्या पडद्याकडे पाहताना कमी मिटतात. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे. अ‍ॅप उघडण्याआधीच गजर लावावा आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. यादीला शेवट नाही. तो आपणच ठरवायचा.