समुद्राचे मुद्दल सांभाळताना

केरळच्या किनाऱ्यावर तारली या माशाला ‘घर पोसणारी’ अशा अर्थाचे लाडके नाव आहे. स्वस्त, पौष्टिक आणि विपुल अशी ही मासळी तेथील सामान्य कुटुंबाच्या ताटात रोज असते, आणि सहस्रावधी मच्छीमार कुटुंबांची चूलही तिच्यावरच पेटते. २०१२ साली केरळात सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये मात्र हा आकडा ३,२९७ टनांवर घसरला. अडीच दशकांतील हा नीचांक होता. जाळी व होड्या होत्या तशाच राहिल्या, होड्यांवरील कर्जही राहिले. केवळ मासळी नाहीशी झाली.

असे का घडले? तारलीचे आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्राच्या तळाकडील थंड, पोषक द्रव्यांनी युक्त पाणी किनाऱ्यालगत वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती-प्लवक वाढतात आणि तेच तारलीचे अन्न होय. समुद्राचा पृष्ठभाग तापला की वरचे उबदार पाणी झाकणासारखे बसते व खालचे पोषण वर येण्यास अडथळा होतो. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी सुमारे एक अंश सेल्सिअसने वाढले. त्यात २०१५ च्या तीव्र ‘एल निनो’ची भर पडली. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने तारलीच्या घसरणीचा संबंध या उष्ण वर्षांशी जोडला आहे.

तथापि सारा दोष हवामानाला देऊन चालणार नाही. विपुलतेच्या वर्षांत होड्यांची शक्ती आणि जाळ्यांचा आकार वाढत गेला, आणि अंडी घालण्याचे वय येण्यापूर्वीच पिल्ले पकडली गेली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्याजावर समाधान न मानता मुद्दलालाच हात घातला गेला. पाऊसपाणी अनुकूल असताना ही उचल खपून जाते. प्रतिकूल वर्ष येताच मात्र खाते रिकामे होते.

म्हणूनच नियोजनाचे पहिले सूत्र संयमाचे आहे. पश्चिम किनाऱ्यावर केंद्र शासनाने १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ ठरविला आहे. केरळने पुढे जाऊन निरनिराळ्या जातींच्या माशांसाठी किमान लांबी निश्चित केली. तारलीसाठी ती दहा सेंटिमीटर आहे. त्याहून लहान मासा पकडणे हा गुन्हा ठरतो. पुढे ऋतुमान अनुकूल झाल्यावर तारली परतली आणि केरळातील वार्षिक उतारा पुन्हा एक लाख टनांपलीकडे गेला. म्हणजे समुद्र क्षमा करतो, पण त्यासाठी बीज शिल्लक असावे लागते.

दुसरे सूत्र विविधतेचे. एर्नाकुलम परिसरातील ‘पोक्काळी’ शेतात पावसाळ्यात खारे पाणी सोसणारा भात पिकतो. कापणीनंतर नोव्हेंबर ते एप्रिल त्याच शेतात भरतीबरोबर आलेली कोळंबी वाढते. भाताचे कुजलेले खुंट कोळंबीच्या अन्नसाखळीस आधार देतात, तर कोळंबीची विष्ठा भाताला खत पुरविते. गोव्यातील खाजण जमिनींत बांध व ‘मानस’ यांच्या साहाय्याने हेच शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. समुद्राची पातळी वाढत असताना अशा पद्धतींचे मोल वाढते. वर्षभर एकाच पिकावर, भारी खाद्य व औषधांवर चालणारी कोळंबी-तळी रोगाच्या एका साथीत उद्ध्वस्त होऊ शकतात. दोन उत्पन्नांच्या शेताला मात्र एक आधार उरतो.

तिसरे सूत्र कर्जाचे, आणि येथे बँकेचा प्रत्यक्ष संबंध येतो. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सुविधा मत्स्यव्यावसायिकांनाही खुली करण्यात आली. तिच्यातील परतफेड व्यवसायाच्या उत्पन्नाच्या ओघानुसार ठरविता येते. बंदीकाळात हप्त्याचा तगादा लागला, तर तोच मच्छीमाराला नियमभंगाकडे ढकलतो. हंगामाशी जुळणारा हप्ता हे त्यामुळे संवर्धनाचेच साधन ठरते. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही उत्पादनवाढीबरोबर शीतगृहे, बर्फ कारखाने व वाहतूक यांना साहाय्य आहे. पकडलेली मासळी नासू न देणे हीदेखील मिळकतच, आणि तिच्यासाठी समुद्रातून एकही जादा मासा काढावा लागत नाही.

नव्या होडीसाठी कर्जप्रस्ताव आला म्हणजे शाखाधिकारी इंजिनाची किंमत व तारण पाहतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे : या पाण्यात आणखी एका होडीपुरती मासळी आहे काय? ग्राहकानेही तोच प्रश्न स्वतःस विचारावा. कारण होडी तारण ठेवता येते, समुद्र तारण ठेवता येत नाही. परतफेड मात्र अखेर त्याच्याच जिवावर होत असते.