शंभर मीटरांच्या आतले शौचालय

मावळ तालुक्यातील लोहगड, विसापूर, भाजे व कार्ले लेणी येथे सार्वजनिक शौचालयाचा विषय निघाला की ‘पुरातत्त्व खाते परवानगी देत नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ते अर्धेच खरे आहे. ही चारही ठिकाणे केंद्र संरक्षित स्मारके असून, प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा ‘प्रतिषिद्ध’, म्हणजे नव्या बांधकामाला पूर्ण मनाई असलेला, आणि त्यापुढील २०० मीटरचा ‘विनियमित’, म्हणजे पूर्वपरवानगीनेच बांधकाम करता येईल असा ठरतो. मात्र याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘बांधकाम’ या संज्ञेची व्याख्या करताना सार्वजनिक शौचालये, मुताऱ्या, सांडपाण्याची गटारे आणि सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामे तीतून स्पष्ट शब्दांत वगळली आहेत.

खरी अडचण सुरू होते ती संरक्षित हद्दीच्या आत, कारण तेथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय इमारत उभारता येत नाही व खोदकामही करता येत नाही, आणि खोदकामाविना मैलाटाकी, म्हणजे सेप्टिक टँक, बसत नाही. लोहगडाच्या माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांच्या आसपास शोषखड्डा घेतला तर मावळच्या मुसळधार पावसात तो तुंबून मैलपाणी टाक्यांकडे झिरपण्याचा धोका राहतो, म्हणून येथील कडक नियम अनाठायी म्हणता येत नाही. तरीही महादरवाजा चढून विंचूकाटा या माचीपर्यंत जाऊन परतणाऱ्या स्त्रीला आडोसा शोधावा लागतो किंवा पाणी पिणेच टाळावे लागते, ही वस्तुस्थिती त्या नियमाने बदलत नाही.

लोणावळ्यात मात्र अडसर जमिनीच्या मालकीचा आहे. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्याने सार्वजनिक शौचालये पुरवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य मानले आहे. पण वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले भुशी धरण रेल्वेचे, तर भोवतालच्या डोंगरउतारांवर वनजमीन, आणि वनजमिनीच्या वनेतर वापराला १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची पूर्वमान्यता लागते. वनहक्क कायद्याने शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ते यांसारख्या १३ सुविधांना ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची वाट मोकळी केली, पण त्या यादीत शौचालय नाही. ही उणीव लहान नव्हे. याउलट सागरी किनाऱ्यांसाठीच्या २०१९ च्या अधिसूचनेत पुळणीवरील तात्पुरत्या पर्यटन सुविधांमध्ये शौचालयाचा नावानिशी उल्लेख आहे.

जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश जागतिक वारशात झाल्याने तेथील गर्दी घटण्याची शक्यता नाही. तेव्हा पायथ्याच्या ग्रामपंचायतींनी ठराव करताना १९५८ च्या कायद्यातील ‘बांधकाम’ या संज्ञेची व्याख्या शब्दशः जोडावी, जागा संरक्षित हद्दीबाहेर असल्याचा मोजणी नकाशा सोबत द्यावा, आणि पाणी व सफाई कामगारांच्या पगाराची तरतूद त्याच ठरावात करावी.