७८च्या तबकड्यांना एलपीची सुई नको!

माळ्यावरच्या पेटीत नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या सापडल्या की पहिला मोह होतो तो नव्या टर्नटेबलवर लावून बघण्याचा. जरा थांबा.

या तबकड्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्यांची खाच रुंद. १९४८ मध्ये आलेल्या एलपीची खाच मात्र खूपच बारीक. त्यामुळे नव्या टर्नटेबलवर सहसा असणाऱ्या एलपीच्या सुईचं टोक ७८च्या खाचेत थेट तळाला टेकतं. तिथली धूळ खरखरते आणि गाणं मागे पडतं. साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई लावली की ती खाचेच्या दोन्ही भिंतींवर नीट बसते. मग तीन-साडेतीन मिनिटांचं पद कसं मोकळं, भरदार ऐकू येतं!

पुसताना अल्कोहोल अजिबात वापरू नका, लाख विरघळते. आणि तबकड्या नेहमी उभ्याच ठेवा.