बाळहिरडा परतायचा कुणी?

निसर्ग चक्रीवादळाने 3 जून 2020 ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडली, उन्मळून पाडली. त्यानंतर भरपाईची लढाई सुरू झाली. हिरडा ‘पीक’ म्हणून मदतीच्या निकषात बसेना. एप्रिल 2023 मध्ये किसान सभेचा अकोले ते लोणी मोर्चा निघाला, तेव्हाही भरपाईची मागणी सोबत होतीच. आता पुन्हा हंगाम आला की भावावर बोललं जाईल. भाव हवाच, पण मला त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल बोलायचं आहे.

आहुपे, तिरपाड, हातवीज, आंबोली या बाजूंना महादेव कोळी कुटुंबांच्या हातात शेतीतून रोख पैसा फारसा येत नाही. भात घरी खायला लागतो. खरिपाचं बियाणं, मुलांच्या वह्या, लग्नकार्य हे सगळं उन्हाळ्यातल्या हिरड्यावर चालतं. आतली आठळी टणक होण्याआधी कोवळं फळ उतरवायचं आणि कातळावर, अंगणात वाळवायचं. हिरवं फळ सुरकुतून काळं पडलं की बाळहिरडा तयार. या काळात वळवाची एक सर आली तरी मालाला बुरशी धरते आणि व्यापारी लगेच भाव पाडतो. झाडावर चढण्याची जोखीम, वेचणीचे कष्ट आणि पावसाचा धोका हे सगळं आदिवासींच्या वाट्याला येतं. पोतं तालुक्याच्या बाजारात पोचलं की त्यांचा संबंध संपतो.

त्यापुढचं काम तर फार सोपं आहे. बाळहिरडा एरंडेलात परतला की फुलतो, ठिसूळ होतो. त्याला सैंधव लावलं की जेवणानंतर चघळायचं पाचक तयार. गुजरातेत हाच माल ‘हिमज’ म्हणून मुखवासाच्या डब्यात असतो. आपल्याकडे बाळगुटीसाठी तो सहाणेवर उगाळतात. प्रतवारी, धूळ काढणं, परतणं, पाकीटबंद करणं एवढ्याला लागतं काय? पावसापासून आडोसा देणारी वाळवणाची शेड, कढया, चाळण्या, ओल मोजायचं यंत्र आणि अन्नपरवाना. बचत गट पापड-शेवया करतात, त्याहून हे अवघड नाही.

पिकलेल्या हिरड्याची कहाणी वेगळी. त्यात टॅनिन सुमारे 30 टक्के असतं. म्हणूनच ब्रिटिश काळात तो कातडी कमावण्यासाठी परदेशी जात असे, आणि कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीबरोबर यानेच कमावतात. क्रोमची रसायनं आली आणि ही मागणी ओसरली. पिकल्या फळाला फारशी किंमत उरली नाही, म्हणून झाडावरचं बहुतेक फळ कोवळंच उतरतं. बी पडणार कुठून? त्यातून हिरड्याचं बी आधीच उगवायला अवघड. वादळाने गेलेल्या झाडांच्या जागी नवी उभी राहायची तर प्रत्येक शिवारात काही झाडं पिकण्यासाठी राखावी लागतील, आणि राखणाऱ्याला त्या फळाचा मोबदला मिळायला हवा. त्रिफळा बनवणाऱ्या कंपन्यांना पिकलंच फळ लागतं, तेव्हा ग्राहक आहे.

केंद्राने 2013-14 पासून गौण वनोपजाला हमीभाव लागू केला. वन हक्क कायदा 2006 ने वनोपजाची मालकी गोळा करणाऱ्यांना दिली. गडचिरोलीत मेंढा-लेखाने या कायद्याच्या बळावर आपला बांबू स्वतः विकून दाखवला. आपल्याकडे डिंभे धरणाच्या वरच्या गावांना तेच करता येईल, पण हमीभाव हा किमान भाव असतो, तो पाकिटाची किंमत देत नाही. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. भरपाईच्या फायलींबरोबर तिथे एक फाइल परतणी केंद्राचीही उघडावी, आणि ते केंद्र ग्रामसभांच्या मालकीचं असावं. ठेकेदाराच्या हाती गेलं तर पोत्याचा मार्ग फक्त काही किलोमीटरने आखूड होईल.