दगडाआडची ओल

नाशिकहून पेठच्या रस्त्याने सावळघाट ओलांडला की पावसाची जातच बदलते. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात घराच्या भिंतींची परीक्षा चार महिने अखंड चालू असते. दर्शनी भिंतीस पातळ दगडी फरश्या चिकटविण्याची शहरी हौस अशा मुलखात येते, तेव्हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही; तो मालकाच्या गाठीच्या पैशाचा होतो.

या भागातील जुने घर कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले. त्यास कोणी टिकाऊ म्हणणार नाही. परंतु त्याची वळचण भिंतीच्या पुढे आलेली असे आणि कूड भिजला तरी दोन्ही अंगांनी वाळत असे. बिघाड डोळ्यांना दिसे व पावसाळा सरल्यावरच्या लिंपणात थोडक्या श्रमाने दुरुस्त होई. नुकसान उघड होते, म्हणूनच ते लहान राहत होते.

दगडी आवरणाने नेमके याच्या उलट घडते. बेसाल्टसारखा दगड फारसे पाणी पीत नाही, हे खरे. पण पाणी शिरते ते फरश्यांच्या सांध्यांतून, खिडकीच्या कडेने, गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावरून. फरशीमागे सिमेंटच्या मालाचे चारदोन गोळेच लावलेले असतील, तर उरलेल्या पोकळीत ते साठते. त्यास बाहेर पडावयास वाट नसते, वाळावयास वारा नसतो. मग ओल आत सरकते, गिलाव्यावर लोणा फुटतो, काँक्रीटमधील सळई गंजते. आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापीत असल्याने काँक्रीटला तडे जातात. बाहेरून मात्र घर नवेच दिसत असते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हा धडा फार महागात घेतला. तेथील इमारतींचे आवरण बहुधा गिलाव्याचे होते, पण दोष हाच : शिरलेल्या पाण्यास बाहेर पडण्याची सोय नव्हती. लाकडी सांगाडे कुजले आणि १९९८ मध्ये माजी प्रांतप्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. दुरुस्तीचा भुर्दंड मुख्यतः घरे घेणाऱ्यांवरच पडला.

या दोषाचे मूळ केवळ कारागिराच्या अज्ञानात शोधणे अपुरे ठरेल. दगड लावण्याची मजुरी सामान्यतः चौरस फुटावर ठरते. म्हणजे मालक मोजतो ते दिसणारे पृष्ठ. त्यामागील कामाचे मोल कोणी करीत नाही. ज्याला दाम नाही ते काम होत नाही, हा साधा व्यवहार आहे. दगडी आवरणाची आयएस ४१०१ ही मानक संहिता १९६७ मध्येच निघाली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने प्रवर्तकावर बांधकामातील दोषांची पाच वर्षांची जबाबदारीही टाकली. परंतु स्वतःच्या जागेवर गवंड्याकरवी घर बांधणाऱ्या शिक्षकास वा कारकुनास त्या कायद्याचा आधार नाही.

म्हणून करार त्यानेच नीट केला पाहिजे. जोत्यावर ओल अडविणारा थर, दगडापूर्वी भिंतीवर जलरोधक लेप, फरशीमागे सलग भरलेला माल, खिडकीवर छज्जा व त्याच्या खालच्या कडेस पाणी तोडणारी खाच, कठड्याच्या माथ्यास आतल्या बाजूस उतार, आवरणाचा तळ जमिनीपासून वीतभर वर, आणि हेतुतः पोकळी ठेवली असल्यास तळाशी निचऱ्याची छिद्रे, ही कामे दरासह स्वतंत्र लिहावीत व दगड चढण्यापूर्वी तपासावीत. सरकारी कंत्राटात ठेकेदाराची अनामत दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत रोखून धरतात. घरमालकानेही मजुरीचा काही हिस्सा एक पावसाळा उलटेपर्यंत राखावा. मात्र ते गवंड्याशी आधीच बोलून ठरवावे.

पैसा अपुरा पडला तर दगड कमी करावा, छज्जा नव्हे. गृहकर्जाचे हप्ते पंधरा-वीस वर्षे चालतात. निदान ते फिटेपर्यंत तरी भिंत कोरडी राहावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.