उभा माणूस, आडवी खाडी

मराठी चित्रकलेची गोष्ट आपण नेहमी गाजलेल्या चित्रांवरून सांगतो. हळदणकरांची हातात दिवा घेतलेली स्त्री, धुरंधरांनी रंगवलेले शिवकालीन प्रसंग, दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं. या चित्रांच्या आधी भरलेल्या वह्या कुणी पाहत नाही. चित्रकाराचा हात त्या वह्यांत तयार होतो. समोरचा माणूस आणि समोरचा निसर्ग रोज, नेमानं कागदावर उतरवणं, ही आपल्याकडच्या कलाशिक्षणाची खरी कमाई आहे आणि ती शाळा-कॉलेजाबाहेरच्या माणसालाही घेता येते, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. सुरुवातीला तिथला भर युरोपीय शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून रेखाटन करण्यावर होता. प्लास्टर हलत नाही, दमत नाही, श्वास घेत नाही. त्यामुळे छायाप्रकाश नीट शिकता येतो, पण शरीराचा तोल शिकता येत नाही. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या, तेव्हा त्या मुलांसमोर अगदी वेगळी माणसं आली: कमरेत वळलेली, मान कललेली, हातांच्या बोटांनी बोलणारी. पुढे १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला.

महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये कोल्हापूरहून या शाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि त्यांच्या आयुष्याची ४१ वर्षं तिथेच गेली. त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच हा आकडा आहे. ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० च्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या स्त्रिया रंगवल्या. प्रत्येकीची नेसण वेगळी, उभं राहण्याची ढब वेगळी. अशी चित्रं टेबलाशी बसून कल्पनेनं जमत नाहीत. पदर खांद्यावर कुठे ताणतो आणि कुठे सैल पडतो, हे शेकडो वेळा पाहून काढलेल्या हातालाच कळतं. हळदणकरांनी त्या दिवेवाल्या स्त्रीसाठी स्वतःच्या मुलीलाच मॉडेल म्हणून उभं केलं होतं. मॉडेल मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मा. रा. आचरेकरांचं ‘रूपदर्शिनी’ (१९५८) हे या परंपरेतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं पुस्तक. आपल्या शिल्पांतल्या मानवाकृती आणि जिवंत मॉडेलवरून केलेली रेखाटनं त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. शिल्पकारानं शरीराचं काय उचललं, काय सोडलं, काय वाढवलं, ते या तुलनेतून उलगडतं. राज कपूर यांच्या चित्रपटांचे कलादिग्दर्शक म्हणूनही त्यांचं नाव झालं. पण ज्याला माणूस काढायला शिकायचं आहे त्याने या पुस्तकाची पानं आधी चाळावीत.

निसर्गाच्या बाजूनं पाहिलं तर नाव घ्यावं लागतं ते कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचं. जे. जे.त शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला, आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून त्यांनी तेच तळं पुन्हा पुन्हा रंगवलं. १९३१ मध्ये ते गेले. आबालाल यांच्या कामातून मी एक गोष्ट घेतो: नवा देखावा शोधत हिंडण्यापेक्षा एकाच जागी परत जाणं जास्त शिकवतं. पहिल्या दिवशी आपण झाड काढतो, पाणी काढतो. दहाव्या खेपेला झाडाची सावली पाण्यात पडते तिथे पाणी झाडापेक्षा गडद आहे की फिकं, हा प्रश्न पडतो. प्रश्न पडला की रेखाटन सुधारू लागलं म्हणायचं.

बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी ‘चित्रमंदिर’मधून असाच पाया घातला आणि त्यांच्या हाताखाली रवी परांजपे घडले. आज पुण्यात मिलिंद मुळीक जागेवर बसून जलरंगात रस्ते, पाऊस, गल्ल्या रंगवतात. त्यांचं शिक्षण इंजिनीअरिंगचं आहे, ही बाब अनेक नोकरदारांना धीर देणारी. गोव्याच्या मारिओ मिरांडांनी तर तरुणपणी रोजनिशीच चित्रांत लिहिली. घरचे, शेजारचे, गावातले लोक त्यात आहेत आणि पुढच्या सगळ्या गर्दीभरल्या चित्रांचं बीज तिथेच दिसतं.

एवढी परंपरा असताना आपल्या घराघरांत चित्रकला कुठे थांबते? बहुतेकांची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेनंतर थांबते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी महाराष्ट्रातल्या मुलांच्या पिढ्यांच्या हाती पेन्सिल दिली, याबद्दल मला आदरच आहे. पण स्मरणचित्राच्या पेपरची तयारी पाहावी. बाजार, बसस्टॉप, पतंग उडवणारी मुलं हे विषय येतात, आणि अनेक क्लासेसमध्ये त्यासाठी ठरावीक आकृत्या पाठ करून घेतात: एक पाठमोरी बाई, एक वाकलेला माणूस, एक धावणारा मुलगा. जे कधी पाहिलंच नाही त्याचं स्मरण कसलं? आधी प्रत्यक्ष पाहून रेखाटन आणि त्यानंतर स्मरण, असा क्रम हवा. तो उलटला म्हणून बक्षीस मिळवलेल्या मुलांनाही पुढे समोर बसलेली आजी काढता येत नाही.

आता भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमध्ये राहणाऱ्या माणसानं काय करावं? गोल्डन नेस्टकडून आत वळलं की एकामागून एक सोसायट्या लागतात. इथे कोण कशाला चित्रं काढायला येईल, असं वाटू शकतं. मला ही जागा अभ्यासाला फार सोयीची वाटते. भाईंदर लोकलमध्ये चर्चगेटपर्यंत बसलेला माणूस हे फुकट मिळालेलं मॉडेल आहे. झोपलेल्याची मान, दांडीला धरून उभ्या असलेल्याचा खांदा, मांडीवर ठेवलेली बॅग आणि तिच्यावरचे हात. खिशात मावेल एवढी वही, एक मऊ पेन्सिल, खोडरबर नाही. प्रत्येकाला एक-दोन मिनिटं. डोळे-नाक शेवटी, आधी कण्याची रेघ, मग वजन कुठल्या पायावर किंवा कुठल्या बाजूला आहे ते. कुणी उतरून गेलं तर अर्धं चित्र तसंच सोडावं आणि रात्री उरलेलं आठवून पुरं करावं. खरं स्मरणचित्र हे. मात्र कुणाला रोखून पाहू नये, आणि नको म्हटलं तर वही लगेच मिटावी.

निसर्गचित्राला रविवारी सकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवर जावं. समोर वसईची खाडी, रेल्वेचे पूल, पलीकडे पाणजू बेट. इथल्या देखाव्याची अडचण हीच त्याची शिकवण आहे: सगळं आडवं. खाडी, चिखल, खारफुटी, क्षितिज यांच्यात उठून दिसेल असं फार थोडं. मग हाताशी राहतात फक्त टोन. डोळे किलकिले करून गडद, मधला आणि फिका असे तीनच टोन ठरवायचे, पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत बसवायचे आणि अर्ध्या तासात उठायचं, कारण तोवर उजेड सरकलेला असतो. भाईंदरची मिठागरंही अशीच, सपाट आणि उजेडानं भरलेली. उत्तन, पाली, चौककडे गेलं तर होड्या मिळतात. होडीचा बाक नीट काढता आला तर मानवी पाठीचा बाकही सोपा होतो. घोडबंदरच्या किल्ल्यावर दगडी भिंतींचं पर्स्पेक्टिव्ह आहे. ते जड वाटलं तर मीरा-भाईंदर रस्त्यावर लांबवर लहान होत जाणारे मेट्रोचे खांब तोच धडा देतात.

दोन्ही अभ्यास जोडीनं चालले पाहिजेत, यावर मी अडून राहीन. नुसती माणसं काढणाऱ्याची माणसं हवेत तरंगतात, त्यांच्या पायाखाली जमीन नसते. नुसते देखावे काढणाऱ्याच्या चित्रात माणूस खुंटीसारखा उभा राहतो. मोबाइलवरचा फोटो आठवणीला मदत करतो, पण दोन डोळ्यांनी दिसणारी खोली तो सपाट करून टाकतो आणि सावल्या काळ्याभोर. सुरुवातीच्या दिवसांत तरी त्यावरून चित्र काढू नये. प्रत्येक पानावर तारीख आणि जागा लिहावी. तीन-चार महिन्यांनी जुनी पानं पाहिली की कुठली चूक पुन्हा पुन्हा होते ते शिक्षकाशिवायही कळतं. बहुधा डोकं मोठं आणि पाय आखूड, किंवा क्षितिज पानाच्या बरोबर मध्यावर.

मीरा-भाईंदर महापालिकेनं आणि इथल्या मोठ्या सोसायट्यांनी एवढं करावं: आठवड्यातून एक सकाळ एखादा हॉल उघडा ठेवावा, कपडे घातलेलं मॉडेल दोन तास बसवावं, आणि त्या माणसाला कामाचे रीतसर पैसे द्यावेत. ते होईल तेव्हा होईल. वाचकहो, तुम्ही मात्र या दिवाळीच्या सुट्टीत एक वही घ्या आणि फराळाला आलेल्या पाहुण्यांपासून सुरुवात करा.