छप्पन्नचा दुसरा कायदा

गेल्या महिन्यात आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा शिक्का जमा करून आलो. लाकडी मुठीचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. लिक्विडेटरच्या कारकुनाने तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि कन्नडमध्ये विचारले, यावर लिहिलंय काय? सोसायटीचे नाव मराठीत होते. मी वाचून दाखवले. त्याने पोचपावतीवर लिहिले, रबरी शिक्का, एक नग. त्याखाली इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, पावतीपुस्तके. १९९३ पासूनचा आमचा सगळा कारभार अर्ध्या पानात मावला. सही करून बाहेर आलो आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. चहा बरा होता.

बेळगावच्या मराठी माणसाला मागे वळून बघ म्हटले की तो थेट १ नोव्हेंबर १९५६ ला जाऊन उभा राहतो. तिथून महाजन आयोग, १९६७ चा अहवाल, ८६५ गावे, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा. सीमाप्रश्नाचा हा रस्ता मला डोळे मिटून येतो. बातमीदारीत पस्तीस वर्षे तोच तुडवला. आज तो ओलांडून जातो, कारण त्यावर लिहिताना मला आता स्वतःचाच कंटाळा येतो.

जुन्यातली एकच गोष्ट सांगतो, ती रस्त्याची आहे म्हणून. मी मूळचा निपाणीचा. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले. मी नववीत होतो. शाळा सुटली की आम्ही पोरे भाकऱ्यांची गाठोडी पोचवायला जायचो. तीन आठवडे रस्ता मुका झाला होता. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि आईने मला दहा दिवस उंबऱ्याबाहेर सोडले नाही. त्या वयात एवढेच कळले, की रस्ता अडवला की सरकार धावत येते. रस्ता आखताना मात्र सरकार येत नाही, नुसता कागद येतो, हे कळायला आणखी अठ्ठावीस वर्षे जावी लागली.

नव्वदचे दशकही भरभर उलटतो. त्यातले कामाचे एवढेच, की १९९३ मध्ये आम्ही अडतीस जणांनी सोसायटी काढली. शिक्षक, बसखात्यातले दोन कंडक्टर, वडगावचे विणकर, आमच्या छापखान्यातला एक कंपोझिटर आणि मी. वडगावच्या शिवारात पाच एकर जमीन पाहिली. मूळ मालक भला माणूस होता. अडचण कायद्याची होती. कर्नाटकच्या १९६१ च्या भूसुधारणा कायद्यातल्या ७९ ब कलमाने कंपनी असो की सोसायटी, तिला शेतजमीन धरता येत नव्हती. सरकारकडून सूट मिळवायची, नाहीतर सरकारनेच भूसंपादन करून द्यायचे. तो दुसरा रस्ता बंगळूरच्या सोसायट्यांनी दलालांना हाताशी धरून इतका बदनाम केला, की जी. व्ही. के. राव यांच्या चौकशीत त्यांची लक्तरे निघाली आणि १९९५ मध्ये एचएमटी कर्मचाऱ्यांच्या सोसायटीचे संपादन सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले. त्यानंतर खऱ्याखोट्या सगळ्याच सोसायट्यांना सरकारी कचेऱ्यांची दारे जड झाली. मग आम्ही बेळगावात सगळे करत होते तेच केले. बाँड पेपरवर करार, मालकाचे मुखत्यारपत्र आणि ट्रेसिंग कापडावर अडतीस प्लॉटांचा सुबक नकाशा. बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी आज ना उद्या येतेय, असे आमचे चेअरमन प्रत्येक वार्षिक सभेत म्हणत. सेक्रेटरी मी होतो. इतिवृत्तात ते वाक्य दरवर्षी माझ्याच अक्षरात आहे.

आता माझे दशक. २००१ ते २०१२.

ते सुरू झाले १ जानेवारी २००१ ला, कर्नाटकचा सौहार्द सहकारी कायदा अमलात आला त्या दिवशी. कायदा १९९७ चा, धडा आंध्रच्या १९९५ च्या कायद्याचा. सरकारी भांडवल नको आणि निबंधकाचा लगामही नको, सभासदांनी आपले आपण बघावे. कागदावर याहून सुंदर कायदा मी पाहिला नाही. वर्षा-दोन वर्षांत खडे बाजारापासून शहापूरपर्यंत गल्लीगल्लीत पतसंस्था उघडली. नारळ, सत्यनारायण, काचेचा दरवाजा, आत संगणक. पाठोपाठ २००२ चा केंद्राचा बहुराज्य सहकारी कायदा आला आणि सीमाभागाला तर लॉटरीच लागली. इकडे निपाणी, चिकोडी, खानापूर, तिकडे कागल, गडहिंग्लज, चंदगड. दोन्हीकडे सभासद केले की संस्था बहुराज्य झाली आणि तिचा निबंधक गेला थेट दिल्लीला, कृषी भवनात. पन्नास वर्षांत कुणाला सुटला नाही तो सीमाप्रश्न ठेवी गोळा करणाऱ्यांनी एका पासबुकात सोडवला, असे मी तेव्हा सदरात लिहिले होते. लोक हसले. मीही हसलो.

माझी आई रोज वीस रुपये अशाच एका संस्थेच्या पिग्मीत टाकायची. एजंट संध्याकाळी सायकलवरून यायचा, ओट्यावर बसून पाणी प्यायचा, घरातल्यांची विचारपूस करायचा. बँकेत तिला कुणी बसाही म्हणत नव्हते. त्या संस्थेचे नाव लिहीत नाही. ज्या सोमवारी काचेचा दरवाजा उघडला नाही, त्या सोमवारी तिथे चारशे माणसे उभी होती आणि त्यात तो एजंटही होता. त्याच्या बायकोचे पैसेही आत होते. दाद मागायची तर दिल्लीला. आईने निपाणीपलीकडे कोल्हापूर आणि अलीकडे बेळगाव एवढेच जग पाहिलेले. ती म्हणाली, ‘‘दिल्ली ऱ्हाऊ दे, तो पोरगा येईना झाला याचंच वाईट वाटतंय.’’

अशांसाठी लोकपाल, पुनर्वसन निधी, निवडणूक प्राधिकरण वगैरे असलेली बहुराज्य कायद्याची दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली २५ जुलै २०२३ ला. मणिपूरवरून घोषणा चालू होत्या. त्या गदारोळातच आवाजी मतदान झाले. मणिपूरवर ओरडायला हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या कायद्यापायी आमच्या गल्ल्यांतल्या बायकांची मंगळसूत्रे मोडली, त्याच्यावरची चर्चा ऐकायला मी घरी कानाला यंत्र लावून बसलो होतो आणि ऐकू आली नुसती आरोळी.

त्याच दशकात, सप्टेंबर २००६ मध्ये, कुमारस्वामींच्या सरकारने विधिमंडळाचे अधिवेशन पहिल्यांदा बेळगावात भरवले, केएलई संस्थेच्या आवारात. हक्क सांगण्यासाठीच ते होते, यात लपवाछपवी नव्हती. आम्ही उत्तर दिले महामेळाव्याने. तिथून रीतच पडली. अधिवेशनाचा पहिला दिवस की आमचा मेळावा. मला दर वेळी मेळाव्याला पाठवत. मी एकदा संपादकांना म्हणालो, कुणीतरी प्रेक्षक गॅलरीतही बसायला हवे, आत विधेयके येतात. ते म्हणाले, ‘‘त्यांच्या सभागृहात आपलं काय काम?’’ आज ते नाहीत, म्हणून जपून लिहितो. वाक्य चुकीचे होते. त्याहून मोठी चूक माझी, की मला ते पटले.

कारण बातमी मेळाव्यात होती आणि कायदा सभागृहात. शिवाय कित्येकदा सभागृहातही नव्हता, तो कधीचाच होऊन गेलेला होता. १९५६ साली दिल्लीत दोन कायदे झाले. ३१ ऑगस्टला राज्य पुनर्रचना कायदा. तो आम्हाला कलमासकट पाठ आहे. त्याच्या अकरा दिवसांनी, ११ सप्टेंबरला, राष्ट्रीय महामार्ग कायदा. तो आम्ही उघडूनही पाहिला नाही. १९९७ च्या दुरुस्तीने त्यात भूसंपादनाची नवी कलमे घातली. ३ अ खाली अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायचा, त्यातले एक स्थानिक भाषेतले असायला हवे. (बेळगावात स्थानिक भाषा कोणती, यावर आमची हयात गेली. कायदा करणाऱ्यांना तो शब्द सोपा वाटला असावा.) त्यानंतर हरकतीला एकवीस दिवस. मग ३ ड ची घोषणा, आणि जमीन सगळ्या बोजांतून मुक्त होऊन केंद्र सरकारची. ना विधानसभेत चर्चा, ना ग्रामसभेचा ठराव. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असतील तिथे महत्त्वाचे कागद त्यांच्या भाषेत द्यावेत, ही तजवीज कित्येक वर्षांची आहे. आम्ही ती निवेदनांत जेवढी वापरली, तेवढी कुठल्या तहसीलदाराने कागदावर वापरलेली मी पाहिली नाही.

पणजीच्या रस्त्यासाठीच्या हलगा-मच्छे बायपासची रेघ त्या वर्षांत उमटली. सुमारे साडेनऊ किलोमीटर. हलगा, वडगाव, शहापूर, अनगोळ, माजगाव, मच्छे, म्हणजे बेळगाव बासमती पिकवणारा सगळा काळा, ओला पट्टा. भात निघाले की उरलेल्या ओलीवर मसूर, कडेने भाजी. बळ्ळारी नाला दरसाल निम्मे शिवार बुडवतो, तरी ज्याची जमीन नाल्याकाठी तो मुलीच्या लग्नाची काळजी करत नसे, अशी जमीन.

आमच्या सोसायटीच्या सभेत एका विणकर सभासदाने नकाशाची झेरॉक्स आणली. कचेरीतल्या कुणीतरी त्याला आमच्या पाच एकरांवर पेन्सिलीने रेघ मारून दिली होती. एकवीस दिवस कधीच उलटले होते. मूळ मालक म्हणाला, ‘‘कागद कन्नडात आलता, पोरानं कपाटावर ठेवला.’’ मी त्याच्यावर चिडलो नाही, कारण त्याच सुमाराला भूसंपादनाच्या नोटिशीचे एक पान माझ्या टेबलावरही पडून होते. मी त्यावर डबा ठेवून जेवत होतो आणि मेळाव्याच्या भाषणांची बातमी लिहीत होतो. मथळाही आठवतो. इंचभर जमीन सोडणार नाही, असा तो होता.

नुकसानभरपाई मूळ मालकाच्या नावाने, कारण उताऱ्यावर नाव त्याचेच. आमचा बाँड पेपर कुठल्याच कायद्यात बसत नव्हता. चेअरमन म्हणाले, रस्ता झाला की उरलेल्या प्लॉटांचा भाव वाढेल. पुढे ते एका ले-आउटचे भागीदार झाले, हेही इथे नोंदवून ठेवतो.

दशक संपले ११ ऑक्टोबर २०१२ ला. हलगा-बस्तवाडजवळच्या माळावर सुवर्ण विधानसौधचे उद्‌घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते झाले. वास्तू देखणी आहे, उगाच नाक कशाला मुरडू? वर्षातून दहाएक दिवस तिथे अधिवेशन भरते आणि उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांवरची चर्चा शेवटच्या दोन दिवसांत उरकते. ही तक्रार माझी एकट्याची नाही, कन्नड बातमीदार मित्रही दरसाल तीच करतात. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका कंत्राटी कामगार बाईने समोरच्या फरशीवर शेवया आणि पापड वाळत घातले. तिला कामावरून काढले, लोक संतापले, मग परत घेतले. त्या इमारतीचा माझ्या मते तेवढाच बिनतक्रार उपयोग झाला.

पुढचे लवकर सांगतो. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार आत होते, बेळगाव दक्षिणचे संभाजी पाटील आणि खानापूरचे अरविंद पाटील. २०१८ ला एकही नाही, २०२३ लाही नाही. २०२१ मध्ये महापालिकेत भाजपने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. हरलो याचे दुःख जुने झाले. पण विधेयकाचा मसुदा मराठीत द्या म्हणून भांडायलाही आता आत कुणी नाही. आणि होते तेव्हा त्यांच्याकडून आम्ही मागितले ते फक्त ठराव. नाल्याची रुंदी, रस्त्याची आखणी, सोसायटीचे कलम यांवर प्रश्न विचारा म्हणून त्यांच्या दारात गेलेले शिष्टमंडळ मला आठवत नाही. मी बातमीदार होतो. गेले असते तर मला कळले असते.

ज्या ७९ ब ने आमची सोसायटी अडवली, ते कलम २०२० मध्ये ७९ अ सकट रद्द झाले. जुलैत वटहुकूम, डिसेंबरात विधान परिषदेची मंजुरी. कोरोनामुळे अधिवेशन बंगळूरला होते, बेळगावची वास्तू कुलूपबंद. आता शेतकरी नसलेलाही शेतजमीन घेतो. आम्ही सत्तावीस वर्षे ज्या दाराशी ताटकळलो ते उघडले, आणि आत शिरल्या त्या आमच्यापेक्षा फार मोठ्या गाड्या.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात बायपासचे काम पुन्हा सुरू झाले. न्यायालयाच्या तारखा चालूच होत्या. मी निवृत्त झालो होतो, तरी गेलो. भात कापणीला आलेले. जेसीबीचा दात वाफ्यात घुसला की आधी चिखलाचा वास येतो, मग चिरडलेल्या ओंब्यांचा, आणि बासमतीचा असल्यामुळे तो शिजलेल्या भाताच्या इतका जवळ असतो की पोटात कालवते. एक म्हातारी पोलिसांना मराठीत शिव्या देत होती. शिपाई खाली मान घालून उभा होता. त्याला मराठी येत असावे.

लिक्विडेटरच्या यादीत नकाशा नव्हता. मी विचारले, हाही घेता का? कारकून म्हणाला, यादीत नसलेली वस्तू घेता येत नाही. तो घरी परत आणला. ट्रेसिंगचे कापड मजबूत असते, म्हणून बायकोने घडी घालून ते कोठीत मसुराच्या डब्याखाली अंथरले. सतरा नंबरचा प्लॉट आमचा, तो घडीच्या वरच्या बाजूला आलाय. डब्यातला मसूर आता दुकानातून येतो.